स्टाऊट अन् क्राफ्ट बीअरचा शौक, तोही वऱ्हाडात: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमची चार-पाच जणांची कंपनी अधूनमधून एका मळ्यात बसते, एखादी काळी बाटली फोडते, अन् पिण्याआधी तिचा वासच घेत राहते, ही गोष्ट आता तालुकाभर झाली आहे. म्हणून लग्नात, पानठेल्यावर, संत्र्याच्या मंडीत, जिथं भेटतील तिथं लोक हेच प्रश्न विचारून राहिले. एकदाचं सगळं लिहून टाकतो. २१ च्या आतल्या पोट्ट्यांनी इथूनच वापस जावं. अन् जे पीतच नाहीत त्यांनी हे वाचून सुरू करू नये, तुमचं चांगलं चाललं आहे.

स्टाऊट म्हणजे काय बा? काळा रंग टाकतात का बीअरमध्ये?

नाही, रंग नाही टाकत. कोणतीही बीअर घ्या, ती मुळात जवाची असते. जव भिजवतात, मोड आणतात, मग वाळवून भाजतात, त्याला माल्ट म्हणतात. ते गरम पाण्यात भिजवलं की गोड पाणी निघते, ते हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं टाकून उकळायचं, थंड करून यीस्ट सोडायचं, यीस्ट साखर खाते अन् अल्कोहोल आणि गॅस सोडते. एवढंच. स्टाऊटमध्ये वेगळं काय, तर त्या जवातला थोडासा हिस्सा, शंभर किलोत पाच-दहा किलो, पार काळा होईपर्यंत भाजलेला असतो, अन् तेवढ्यानंच सगळा लॉट काळा होऊन जातो. कॉफीचा, कडू चॉकलेटचा जो वास येतो तो त्या भाजण्याचा. कॉफी कोणी टाकलेली नसते (टाकतातही काही जण, ते पुढं सांगतो).

हे प्रकरण लंडनचं आहे. १७०० नंतर तिथं पोर्टर नावाची गडद बीअर कामगार लोकांत जोरात चालायची, त्यातली जी जास्त दमदार ती स्टाऊट पोर्टर, पुढं नुसतीच स्टाऊट. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर नावाच्या माणसानं जव भाजायच्या फिरत्या ड्रमचं पेटंट घेतलं, तेव्हापासून दाणा न जळता एकसारखा काळा व्हायला लागला, आज जी काळी स्टाऊट आपण पाहतो ती त्याच्या नंतरची. अन् स्टाऊट म्हटलं की गिनेस हे नाव तर सगळ्यांना माहीत आहे. आर्थर गिनेसनं १७५९ मध्ये डब्लिनला सेंट जेम्सेस गेट इथली बंद पडलेली ब्रुअरी (बीअरचा कारखाना) घेतली, वर्षाला ४५ पौंड भाडं अन् करार किती वर्षांचा, तर ९००० वर्षांचा. आपल्याकडे मक्त्यानं वावर देतानी एका हंगामाच्या वर कोणी शब्द देत नाही.

काळी आहे म्हणजे लय चढत असंन?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे अन् सगळ्यात मोठा गैरसमज. रंगाचा अन् चढण्याचा काही संबंध नाही. डब्लिनची गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्के अल्कोहोलची असते. आपल्या बीअर शॉपीत जी पिवळीधमक स्ट्राँग भेटते ती ८ टक्क्यांपर्यंत असते, म्हणजे जवळपास दुप्पट.

हिशोबच करून दाखवतो. ६५० मिलीची ८ टक्के स्ट्राँग म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की ४२.८ टक्के असते, ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये साधारण २६ मिली अल्कोहोल येते. म्हणजे "मी तर फक्त बीअर घेतली भाऊ" म्हणणाऱ्यानं दोन लार्ज मारलेले असतात. त्याच्या बाजूला ३३० मिलीची ५ टक्के स्टाऊट ठेवा, १६.५ मिली. आम्ही ती एक बाटली दोघांत घेतो, म्हणजे माणशी आठ मिलीच्या आसपास. आता सांगा दारुड्या कोण.

पण सगळ्याच स्टाऊट हलक्या नसतात हेही खरं. गिनेसचीच फॉरेन एक्स्ट्रा ७.५ टक्के असते, श्रीलंकेची लायन स्टाऊट ८.८ टक्के, अन् इंपीरिअल स्टाऊट म्हणून जो प्रकार आहे, जो अठराव्या शतकात लंडनहून रशियाच्या कॅथरीन राणीच्या दरबारात जायचा, तो १० ते १२ टक्के सहज. आपल्या देशात एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) मानकात स्ट्राँग बीअर ८ टक्क्यांपर्यंतच धरली आहे, म्हणून त्याच्या वरच्या बाटल्या इकडे दिसत नाहीत. लेबलवर एबीव्ही (अल्कोहोलची टक्केवारी) लिहिलेलं असते, रंग पाहण्यापेक्षा ते वाचा.

क्राफ्ट बीअर म्हणजे वेगळं काय? अन् एवढी महाग काहून?

मोठ्या कारखान्याची बीअर लाखो बाटल्यांत एकसारखी लागली पाहिजे, स्वस्त पडली पाहिजे, म्हणून त्यात जवासोबत तांदूळ, मका, साखर हेही जाते अन् चव मुद्दाम सपाट ठेवतात. क्राफ्टवाले लहान लॉट काढतात, बहुतेक जण सगळं माल्टच वापरतात, हॉप्स बाहेर देशातून मागवतात (हिमाचलात लाहौलकडे होतात थोडे, पण तेवढ्यात भागत नाही), अन् चव सपाट राहू नये हाच धंदा. महाराष्ट्रात पुण्याच्या डूलालीनं २००९ मध्ये मायक्रोब्रुअरी (जागेवरच बीअर बनवून पाजणारी लहान ब्रुअरी) सुरू केली तिथून हे वारं आलं. महाग आहे, वाद नाही. पण तालुक्याला लोक एका बैठकीत जेवढ्याची स्ट्राँग रिचवतात तेवढ्यात आमचे दोन महिने निघतात.

इकडे भेटते का? आमच्या तालुक्याच्या दुकानात तर नाव सांगितलं तर हसतात.

हसतातच. तालुक्याच्या बीअर शॉपीत स्ट्राँगच्या पेट्यांची भिंत असते, एका कोपऱ्यात माइल्ड, अन् कधीमधी एखाद्या गव्हाच्या बीअरच्या पाच-सहा लहान बाटल्या धूळ खात. दुकानदाराचाही दोष नाही, जे खपते ते ठेवते. स्टाऊट पाहिजे तर नागपूर किंवा अमरावती गाठा, मोठ्या वाइन शॉपमध्ये फ्रीजच्या सगळ्यात खालच्या खणात वाकून पाहा. भारतीय बाटलीबंद स्टाऊटमध्ये सिंबा स्टाऊट आहे, ती कंपनी छत्तीसगडची, दुर्गची, म्हणजे गोंदियाच्या पलीकडची आपली शेजारीणच. दिसली तर आधी तारीख पाहा अन् मग घ्या. गिनेसचे इंपोर्टेड टिन मोठ्या शहरातच. पुणे, मुंबई, बंगळुरूला पोरगा-जावई असंन तर त्याच्याकडे गेल्यावर मायक्रोब्रुअरीत बसून ग्लासात ताजी स्टाऊट घ्या, ती मजा बाटलीत नाही.

आता महत्त्वाचं, अन् हे बाहेरच्या लोकांना समजत नाही. आपल्या विदर्भात जिल्हा बदलला की कायदा बदलतो. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम-पवनारमुळे १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला झाली अन् २०२१ ला उठली. वर्धा तर बरोबर वाटेतच बसलेला आहे. नागपूरहून यवतमाळला निघाले की वर्धा, देवळी लागते. अमरावतीच्या हायवेनं निघाले की कारंजा घाडगे, तळेगाव, हाही वर्धा जिल्हाच. समृद्धीवर गेले तरी सुटका नाही. बाटली डिक्कीत, बिल खिशात, झाकण सीलबंद, काही फरक पडत नाही, पकडलं तर माल जाते, केस होते, गाडीही अडकू शकते. आम्ही वरुडकडचे, काटोल-जलालखेडा मार्गानं येतो म्हणून आम्हाला हा ताप नाही. यवतमाळवाल्यांनी अमरावतीहून घ्यावं.

दुसरं, राज्याबाहेरचा माल. पांढुर्णा आमच्या बांधाला लागून आहे म्हटलं तरी चालते, अन् ग्वाल्हेरजवळ मालनपूरला व्हाइट रायनोची चांगली क्राफ्ट ब्रुअरी आहे, म्हणून लोक म्हणतात मध्य प्रदेशातून आणू. नका आणू. परवानगीशिवाय दुसऱ्या राज्याची दारू आणणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, एक बाटली असो का पेटी. तिकडे गेले तर तिकडेच बसून प्या, तिकडेच झोपा, सकाळी या.

परवाना लागते का खरंच?

लागते. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून चालू आहे, अन् कागदावर महाराष्ट्रात प्यायला परवाना पाहिजेच. विदेशी मद्याचा एका दिवसाचा ५ रुपयांत होते, वर्षाचा १०० रुपये, जन्मभराचा १०००. बीअरसाठी वय २१, हार्ड लिकरसाठी २५. जन्मभराचा काढून ठेवा अन् विसरून जा.

उन्हाळ्यात बाटली कशी टिकवता? आमच्याकडे तर मे मध्ये नळाचं पाणी पण चहाला चालते.

खरा प्रश्न हाच आहे. इकडे या शौकाचा दुश्मन ना पैसा आहे ना कायदा, ऊन आहे. पुण्या-मुंबईचे लोक हॉप्स अन् माल्टवर तासभर बोलतात, आपल्याला आधी ४५ डिग्रीचं बोलावं लागते.

बीअर सडत नाही, शिळी होते. गरमी जितकी जास्त तितकी लवकर, १० डिग्री वाढली की शिळं व्हायचा वेग दुप्पट-तिप्पट होतो असं धरून चालतात. म्हणजे २० डिग्रीत जी बाटली सहा महिने मजेत राहते ती ४० डिग्रीत दीड महिन्यातच म्हातारी. आता विचार करा, ती बाटली ट्रकमधून आली, गोदामात पत्र्याखाली पडली, मग दुकानाच्या शोकेसमध्ये उभी राहिली, मग तुमच्या गाडीच्या डिक्कीत. लेबलवर सहा महिन्यांची मुदत दिसते, पण ती मुदत असल्या हालअपेष्टा धरून नसते.

शिळी झाली हे ओळखायचं कसं? ग्लासात ओता अन् पहिला वास घ्या. पावसात भिजलेला पुठ्ठा घरात वाळत ठेवला की जो वास येतो तोच येते, चवीत हॉप्सचा कडूपणा बोथट झालेला असते अन् मागून एक चिकट गोडवा राहून जाते. स्टाऊटमध्ये हे जरा लपते कारण भाजलेल्या दाण्याचा वास जोरदार असते, म्हणून इकडच्या हवेत पिवळ्या क्राफ्टपेक्षा स्टाऊट घेणं शहाणपणाचं असं माझं मत आहे. नाजूक हॉप्सवाली आयपीए (इंडिया पेल एल, जास्त हॉप्सची कडवट पिवळी बीअर) मे महिन्यात नागपूरहून आणणं म्हणजे पैसे उन्हात वाळू घालणं.

ऊन अन् उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हॉप्सवर थेट उजेड पडला की त्यातून गंधकाचा उग्र वास तयार होते, हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत तर काही मिनिटांत. तपकिरी बाटली बरीच वाचवते, टिन पूर्ण वाचवते. म्हणून दुकानात समोर उन्हात सजवून ठेवलेली बाटली कधीच घेऊ नका, आतली मागा. दुकानदार तोंड वाकडं करीन, करू द्या.

आणतानी आम्ही काय करतो सांगतो. थर्माकोलचा मासोळीवाल्याचा डबा, तळाला गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, मधी बीअर, वरून ओलं पोतं. निघायचं पहाटे नाहीतर सूर्य बुडाल्यावर. घरी फ्रीजमध्ये दारात नाही ठेवायची, मागं खाली ठेवायची, उभी. लोडशेडिंगची भीती असंन तर फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, त्या थंड झाल्या की लाइट गेल्यावर तीन-चार तास फ्रीज तग धरते, फक्त दार उघडत बसू नका. ज्याच्याकडे फ्रीजमध्ये जागा नाही (आमच्याकडे वहिनींचा दुधाचा गंज अन् कैऱ्या, तिथं बीअरला कोण विचारते) त्यानं मार्च ते जून आणूच नये. आमचा हंगाम दिवाळी ते होळी. हरभऱ्याचे दिवस, रात्री थंडी, शेकोटी, स्टाऊट हे पेयच मुळात थंडीचं आहे.

एकदम चिल्ड प्यायची ना?

नाही, इथंच सगळे चुकतात. जीभ बर्फानं बधिर झाली की चव कळतच नाही, म्हणूनच स्वस्त स्ट्राँग बर्फासारखी देतात. स्टाऊट ८ ते १२ डिग्रीला घ्या. फ्रीजमधून काढून थंडीत पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, मे महिन्यात पाच-सात मिनिटं गंज झाली. पहिला घोट अन् अर्ध्या तासानंतरचा घोट यात फरक कळते, थंड असतानी फक्त कडू लागलेली बीअर हळूहळू चॉकलेटकडे जाते. हे एकदा पाहिलं की माणूस घाई करत नाही.

एक अपवाद, गिनेसचा टिन. त्यात प्लॅस्टिकची एक गोळी असते, हलवला की खडखड वाजते, लोकांना वाटते काही पडलं आत. तिला विजेट म्हणतात. गोळीत नायट्रोजन भरलेला असते, टिन उघडला की दाब सुटून तो जोरात बाहेर येते अन् त्यानं सायीसारखा बारीक फेस बनते. तो टिन चांगला थंड करून उघडायचा अन् एका दमात ग्लासात ओतायचा, मग थांबून पाहायचं. ग्लासाच्या काठानं बुडबुडे खाली जातानी दिसतात. वर नाही, खाली. पोट्ट्यांना हे दाखवलं की ते मोबाईल काढतात.

ग्लास कोणता? स्टीलचा चालते का?

चालते, पण रंग दिसत नाही, अर्धी मजा गेली. काचेचा घ्या, तोंडाकडे जरा निमुळता असला तर वास आत राहते. आकारापेक्षा स्वच्छता महत्त्वाची. ज्या घासणीनं तर्रीचं भांडं घासलं त्याच घासणीनं ग्लास घासला तर तेलाचा पुसटसा थर राहते अन् फेस दोन मिनिटांत मरते, मग लोक म्हणतात बीअरच खराब. ग्लासाची घासणी वेगळी ठेवा, सोडा लावून धुवा, पालथा वाळवा, फडक्यानं पुसू नका. ओतल्यावर फेसाच्या रेघा काचेला वर्तुळं सोडत खाली गेल्या की समजा ग्लास साफ आहे. शेंगदाण्याचे तेलकट हात लावले ग्लासाच्या काठाला, तरी तेच होते.

तुम्ही वहीत काय लिहिता एवढं? चव तर चव असते.

वहीत तारीख, बाटलीचं नाव, बाटलीवरची बनवल्याची तारीख, कुठून घेतली, एबीव्ही, अन् मग आधी वास, नंतर चव, नंतर गिळल्यावर मागं काय राहिलं. शेवटी परत घ्यायची का नाही, एका शब्दात. मार्क-बिर्क देत नाही आम्ही, गुण देणं सुरू केलं की भांडणं सुरू होतात.

शब्द मात्र आपलेच वापरायचे. पुस्तकी माणूस म्हणते डार्क फ्रूट, एस्प्रेसो, टॉफी. आमच्यातला एक म्हणाला, ज्वारीची भाकर तव्यावर जरा जास्त राहिली अन् पापुद्रा करपला तर जसा वास येते तसा येऊन राहिला, अन् ते इतकं बरोबर होतं की सगळ्यांनी वहीत तेच लिहिलं. नाकाची प्रॅक्टिस करायची असंन तर बसायच्या आधी ताटलीत भाजलेले फुटाणे, कॉफीचे दाणे, काळा गूळ, मनुका, कडू चॉकलेटचा तुकडा मांडून ठेवा. एक घोट, मग एकेकाचा वास, परत घोट. चिखलदऱ्याची कॉफी भेटली तर ती ठेवा, आपल्या वऱ्हाडात कॉफी होते हे अर्ध्या महाराष्ट्राला माहीत नाही. कॉफी स्टाऊट बनवणारे बहुतेक जण बीअर तयार होत आली की शेवटी कॉफी टाकतात, आधी उकळली तर नुसती कडू होते.

लोण्यासारखा वास आला तर फर्मेंटेशन (आंबवणं) नीट उरकलं नाही. आंबट लागली अन् लेबलवर सावर (मुद्दाम आंबट केलेली) लिहिलेलं नसंन तर बिघडली, मोरीत ओता.

पहिली कोणती घेऊ?

ज्याला चहात तीन चमचे साखर लागते त्यानं मिल्क स्टाऊटपासून सुरू करावं. त्यात दूध नसते, दुधातली साखर असते, लॅक्टोज, ती यीस्टला खाता येत नाही म्हणून गोडवा शिल्लक राहते. दूध ज्याला पचत नाही त्यानं मात्र सांभाळून. ओटमील स्टाऊटमध्ये ओट्समुळं तोंडात मऊपणा येते, ती मधली पायरी. ज्याला बिनसाखरेची कॉफी आवडते त्यानं सरळ आयरिश ड्राय स्टाऊट घ्यावी. इंपीरिअल शेवटी, तीही बाहेर कुठं गेले तर, अन् चौघांत एक.

स्ट्राँगवरून एकदम स्टाऊटवर येणारे लोक पहिल्या दिवशी म्हणतात, "हे काय काढ्यासारखं, यात किकच नाही." किक पाहिजे त्याला आम्ही बोलवत नाही.

सावजीसोबत जमते का?

जमते, पण सांभाळून. गॅसवाली थंड बीअर तिखटावर पाणी टाकते असं वाटते, खरं तर गॅस अन् हॉप्सचा कडूपणा दोन्ही तिखट वाढवतात. सावजी मटणासोबत कडक आयपीए घेतली तर कानातून धूर. त्याच्यापेक्षा गोडसर मिल्क स्टाऊट घ्या, मसाल्यातलं भाजलेलं खोबरं, खसखस, काळे मसाले अन् स्टाऊटचा भाजलेला जव एकमेकांना ओळखतात. पण माझं खरं मत विचाराल तर सावजीला काहीच नको, सावजी एकटंच पुरेसं आहे.

त्याच्यापेक्षा पाटोडी खा, रस्सा वेगळा ठेवून नुसती वडी. मुगाचे गरम वडे. निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, हिरव्या मिरचीचा ठेचा अगदी बोटाला लावून. हुरड्याच्या दिवसांत कणसं. अन् जेवण झाल्यावर संत्रा बर्फीचा तुकडा अन् स्टाऊटचा शेवटचा घोट. संत्रं अन् कडू चॉकलेट ही जोडी सगळ्या जगात चालते, आपल्याकडे संत्रं बांधावर आहे.

आपल्या संत्र्याची बीअर होत नाही का मग?

होऊ शकते, अन् न होणं हेच मला खटकते. बेल्जियममध्ये विटबीअर म्हणून गव्हाची धुरकट पांढरी बीअर असते, तिच्यात संत्र्याची वाळलेली साल अन् धने टाकतात. धने! हा प्रकार जवळपास संपला होता, होगार्डन गावच्या पिएर सेलिस नावाच्या माणसानं १९६६ मध्ये परत सुरू केला अन् आता जगभर होते. ते लोक कडू जातीच्या संत्र्याची साल वापरतात, आपला नागपुरी संत्रा गोड-आंबट, साल पातळ अन् सुटी, पण वासात कमी नाही. वरुड-मोर्शीत मृग बहार असो का आंबिया, गळ झालेली फळं बांधावर सडतात. एखाद्या ब्रुअरीनं साल जरी घेतली तरी दोन पैसे सुटतील. तोपर्यंत गव्हाची बीअर आणली की आम्ही झाडावरचं संत्रं तोडून साल ग्लासावर दाबतो, तेल उडते, तेवढ्यानंच वास बदलते.

घरी बनवता येते का? यूट्यूबवर तर सगळं आहे.

येते बनवता, पण महाराष्ट्रात लायसनशिवाय बनवणं गुन्हा आहे. मोहाची हातभट्टी असो का माल्टची फॅन्सी बादली, पोलिसांच्या पंचनाम्यात दोन्ही एकच. मेळघाटात, गोंदिया-गडचिरोलीकडे मोहाची जी जुनी परंपरा आहे तिच्याबद्दल मला आदर आहे, पण ती आदिवासी घरांची गोष्ट आहे, आपण हौसेखातर तिच्या मागं लपू नये. हात शिवशिवत असतील तर जव आणा, कढईत वेगवेगळे भाजा, एक फिका, एक तपकिरी, एक काळा, अन् तिन्ही गरम पाण्यात भिजवून चाखा. स्टाऊटचं निम्मं गणित तिथंच समजते, अन् यात कोणी पकडत नाही.

स्टाऊटनं रक्त वाढते म्हणतात, खरं का?

नाही. गिनेसच्या जाहिराती १९२० च्या दशकाच्या शेवटी तब्येतीला चांगली म्हणून सांगायच्या, तिथून हे चालू आहे. एका पाइंट ग्लासात (अर्ध्या लिटरच्या थोडा वर) लोह ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास असते, त्याच्यापेक्षा मूठभर फुटाणे खा. गरोदर बाईला तर थेंबसुद्धा नाही, कोणती आजीबाई काही म्हणो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सरळ सांगितलं की अल्कोहोलची सुरक्षित अशी पातळीच नाही. आम्ही हे माहीत असून घेतो, औषध म्हणून नाही. शुगर, लिव्हर, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारा, मला नाही.

मग वापस गाडीवर येता का?

नाही. रक्तात १०० मिलीमागं ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत जेल, कधी दोन्ही. अन् दंड सोडा, आपल्या रस्त्यावर रात्री बिनलाइटचे ट्रॅक्टर, रोही, रानडुकरं. मळ्यातच खाटा टाकतो.

घरचे काही म्हणत नाहीत? गावात नाव खराब होत नाही का?

म्हणतात की. आपल्या गावांत दारूनं घरं उठलेली सगळ्यांनी पाहिली आहेत, बायांनी एकत्र येऊन मतदान करून दुकानं बंद केली आहेत, बाटली आडवी करणं काय असते हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे, अन् त्यांचं चुकत नाही. म्हणून आमचे काही नियम आहेत. उधारीवर नाही, शेतमालाच्या पैशातून नाही, मजुरांच्या समोर नाही, सणावाराला नाही, अन् एकट्यानं तर कधीच नाही. आमच्यातल्या एकाला पहिल्या ग्लासानंतर हात थांबेना असं व्हायला लागलं तेव्हा त्यानं स्वतःच सोडली. तो अजूनही येते, भाजलेल्या जवाचं पाणी पिते अन् वास आमच्यापेक्षा चांगला ओळखते. वही आता त्याच्याकडेच असते.

जुनी ठेवली तर दारूसारखी चांगली होते का?

८ टक्क्यांच्या खालची नाही होत, ताजीच घ्या. मोठ्या इंपीरिअल स्टाऊट थंड तळघरात वर्षानुवर्षं ठेवणारे लोक आहेत, त्यांचा कडूपणा मऊ होते, मनुका-खजुराची चव येते. पण ते तळघर १२-१३ डिग्रीचं असते. आपल्याकडे तळघर असलं तरी त्यात कपाशी भरलेली असते. आणली की महिन्याभरात संपवा, अन् पाहुणे येणार म्हणून राखून ठेवू नका, पाहुण्यांना स्ट्राँगच लागते.